दोनशे एक्केचाळिसावे नाव

२ जानेवारी २००६. सकाळी ९.
दवाखान्यात संगणक आला. रक्तदाबाच्या रुग्णांचे क्लिनिकल ऑडिट डॉक्टरसाहेबांनी माझ्यावर सोपविले. बी.कॉम. झालेल्या माणसास यात अवघड काही नाही. तीन महिन्यांत ज्याचे बीपी मोजलेले नाही, त्याचे नाव पडद्यावर लाल होते. रुग्ण २४१, लाल १३७. संकल्प : ३१ मार्चपूर्वी लाल शून्य.

१३ जानेवारी.
१३७ पोस्टकार्डे रवाना. सौ.चे डोके दुखते. संक्रांतीची दगदग.

२७ जानेवारी.
नांदगाव पेठेहून देवमनचे उत्तर : "कापूस घरात पडून हाये साहेब, बीपी काई पयून नाई चाल्लं." शिस्तीचा पूर्ण अभाव. दुसरे कार्ड टाकले.

१५ फेब्रुवारी.
नर्स यास्मीन म्हणाली, "वामनकाका, साऱ्या जिल्ह्याले कार्डं टाकून राहिले, काकूले कधी आणता?" समजावून सांगितले : स्टाफच्या घरच्यांचा केस-पेपर काढण्याची आपल्याकडे पद्धत नाही, डॉक्टरसाहेब त्यांना जाता-येता पाहतात. केस-पेपर नाही, म्हणून संगणकात नाव नाही. नाव नाही, म्हणून लाल नाही. ती पुढच्या रुग्णाकडे वळली. पटले असावे.

२ मार्च.
सौ.ला अंधुक दिसते. चष्म्याचा नंबर वाढला असणार. म्हणते, "तुमच्या त्या डब्यात मी दिसत नाई, अन् मले तुमी धड दिसत नाई." उत्तर देण्यास वेळ नव्हता.

९ मार्च.
अचलपूरचे महादेवराव तीन कार्डांनंतरही लाल. मुलाचा फोन : बाबा दिवाळीतच गेले. प्रोग्राममध्ये 'मयत' असा रकाना करून घेतला. खूण केली की नाव मोजणीतून वगळले जाते. रुग्ण २४०.

२४ मार्च.
लाल शून्य. शंभर टक्के! देवमनही येऊन गेला. अकोल्याच्या डॉक्टरांच्या सभेत साहेब माझे नाव घेणार. सौ.ला १ एप्रिलला नक्की नेणार, तसे तिला सांगितले. म्हणाली, लिहून ठेवा. लिहून ठेवले.

२९ मार्च. दुपारी ४.
सौ. ओट्यापाशी पडली. मेंदूत रक्तस्राव. मोठ्या दवाखान्यात बीपी २४०/१३०. तिथल्या डॉक्टरांनी विचारले, यापूर्वी कधी मोजले होते? मी म्हणालो, आमच्याकडे शंभर टक्के मोजले जाते.

३० मार्च.
पहाटे गेली.

१२ एप्रिल.
काल तेरवी झाली. आज कामावर रुजू. दुर्गाचा केस-पेपर काढला. क्रमांक २४१. शेवटचे बीपी : आमच्याकडे नोंद नाही. नाव लाल झाले. ९९.६ टक्के.
यास्मीन हळूच म्हणाली, "काका, 'मयत'वर खूण करा ना. शंभर होते."
नियमाने तिचे बरोबर आहे. खूण केली नाही.
पोस्टकार्ड लिहिले. पत्ता घरचाच.