दाढीखालची गाठ

प्रिय कुंडलिक,

व्हय, उतरलंच हुतं माजं तोंड. यष्टीच्या खिडकीतनं तू इचारलंस, आये, तोंड का उतरलंय, तवर गाडी नसरापूरच्या वाटंला लागली बी. म्हणून आता लिवते. चौथीपतूर शिकलेली हाय मी, चुका काढू नगंस. तू डाक्तर व्हायला गेलायस, मास्तर न्हाई.

हे सगळं माळावरच्या आपल्या डाक्तरसायेबापायी! लगीन होऊन आल्यापासनं बघते, कुणाला इळा लागू दे न्हाईतर कुऱ्हाड, जखमंची चिंधी त्याच्या थडग्याजवळच्या करंजाला बांधायची आन् एक अंडं ठिवायचं. गोऱ्या देवाला नारळ चालत न्हाई म्हणं. तुज्या बापाचा पाय सुजला तवा म्या ठिवलेलं अंडं शेजारच्या साळूबाईच्या लंगड्या कुत्र्यानं खाल्लं. कुत्र्याचाच पाय बरा झाला, म्हणून मी त्यांना मरंस्तवर चिडवलं.

आन् परवा जेवताना तू सांगाय लागलास. सायेब पलटणीतला सर्जन. भुलीचं औषध नव्हतं, शिपायाला चौघांनी दाबून धरायचं आन् ह्यानं पाय कापायचा. पुढं मुंबईत कालिजात पोरांना शिकवायचा. पयल्याच दिवशी सांगायचा, गाठ आली तर दाखवा, लपवाल तर मराल. हितवर मी हसत हुते. निम्मी पोरं तितनंच पळाली आसतील, म्हणलं.

मंग तू भाकरी मोडत म्हणलास, त्याच्याच गळ्याला गाठ आली आन् त्यानं दाढी वाढवून झाकली. वरीसभर. रोज पोरांना तेच शिकवायचा, सवताची दाखवली न्हाई. त्यालाच सुरीचं भ्या! शेवटाला हवा खायला आपल्या डोंगरात आला, तो हितंच मेला. माज्या हातातली कालवणाची वाटी पडली. तू म्हणलास, म्हातारी झालीस. म्हातारी आसंल तुजी व्हणारी सासू.

साळूबाईला सांगितलं तर ती डोळं फाडून म्हणती, देवाला बी भ्या वाटतंय व्हय गं? इतकी वर्सं ज्याच्यापुढं हात जोडलं, त्यो माज्यासारकाच निघाला.

पुढल्या रविवारी ये आन् तुज्या कालिजातल्या मोठ्या डाक्तराकडं मला न्हे. वाटंत कायबी इचारू नगंस. पोटच्या पोराला तोंडावर सांगायची लाज वाटली, म्हणून चोळीआड झाकून बसले. डाव्या छातीत गाठ हाय माज्या, गेल्या सुगीपासनं.

तुजीच,
आय