बटाट्याचे रान वर्षाराणीला

मी, गहिनीनाथ रंगनाथ थोरवे, धंदा शेती, राहणार नांदूरघाट, तालुका केज, जिल्हा बीड, हे मृत्युपत्र कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, माझ्या मर्जीने लिहून ठेवतो. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी तपासून दिलेला दाखला सोबत आहे. मुलगा गेल्यापासून मला रडू येत नाही, जेवणाला चव लागत नाही, हे मी त्यांना सांगितले. त्यांनी व्यवहाराचे प्रश्न विचारले, त्यांची उत्तरे मी बरोबर दिली. तेव्हा रडू न येणे म्हणजे डोके ठिकाणावर नसणे, असे पुढे कोणी कोर्टात म्हणू नये.

१. माझी पत्नी छबुबाई मयत. एकुलता मुलगा सोमेश्वर मयत. मागे सून वर्षाराणी आणि नात संस्कृती आहेत. धाकटा भाऊ विठ्ठलराव याची वाटणी वडिलांच्या हयातीतच झाली असून माझ्या मिळकतीवर त्याचा हक्क नाही.

२. विहिरीजवळचे रान मी व छबुबाईने उसाच्या फडात कोयता चालवून घेतलेले आहे, वडिलार्जित नाही. ते कोणाला व का देतो, यासाठी थोडी हकीकत लिहिणे भाग आहे.

सोमेश्वर शेतीचा डिप्लोमा करून आला आणि बटाटा लावू म्हणाला. माझे म्हणणे नुसते शेणखत, त्याचे म्हणणे नुसते रासायनिक. वाद इतका वाढला की त्याने रानाच्या मधोमध नायलॉनची दोरी ताणली. अलीकडे माझे, पलीकडे त्याचे. त्याच्याकडे युरियाने पाला माजायचा आणि खाली बटाटा बारीक. माझ्याकडे बटाटा टिकाऊ, पण झाड सुरुवातीलाच मागे पडायचे आणि माल थोडा निघायचा. दोघांनाही हे दिसत होते. आम्ही बोलणे सोडले. काय सांगायचे ते वर्षाराणीजवळ सांगत असू.

परवाच्या साली दसऱ्याच्या सुमारास मंचरहून बेणे आले आणि त्याच आठवड्यात विहिरीवरची मोटार चालू करताना शॉक लागून सोमेश्वर गेला. तेराव्यानंतर मी ओसरीवर बसून असे. काही वाटत नव्हते. एके सकाळी वर्षाराणी समोर येऊन उभी राहिली.

"मामा, बेण्याला कोंब आलेत. कुणाच्या बाजूला लावू?"

"लाव कुठं बी."

"मग दोरी काढते."

तिने माझ्या खड्ड्यातले शेणखत हाताने चुरून पाहिले, कारण कच्च्या खताने मुळं खाणारी हुमणीची अळी लागते. पुरते कुजलेले तेवढे साऱ्या रानात पसरले. वर सोमेश्वरच्या पोत्यांतले खत दिले, पण तो द्यायचा त्याच्या निम्मे. युरियातला काही भाग राखून मातीची भर लावताना टाकला. हे कोणी शिकवले, असे मी विचारले. ती म्हणाली, "तुमी दोघं मलाच तर सांगत होता. एकमेकाला कुठं सांगत होता."

माघात काढणी झाली. दोरीच्या दोन्ही बाजू मिळून कधी निघाला नव्हता एवढा माल निघाला. गावातली माणसे बघायला आली. मी भरलेल्या गोणीवर बसून होतो. आनंद व्हायला हवा होता, झाला नाही. बटाटा मात्र भरदार होता, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

सबब हे संपूर्ण रान, विहीर व मोटारीसह, माझ्यामागे वर्षाराणी हिच्या एकटीच्या मालकीचे होईल. स्टार्टरची पेटी नवीन बसवली आहे. मी त्या पेटीला हात लावत नाही.

३. राहते घरही वर्षाराणीला. पोस्टातली ठेव संस्कृतीच्या शिक्षणाला.

४. विठ्ठलराव चार लोकांत मला म्हणाला, "दादा, सून उद्या दुसऱ्याचं घर धरील. रान मग परक्याच्या हाती." हाच विठ्ठलराव माझ्या खताच्या खड्ड्याचा वास येतो म्हणून ग्रामपंचायतीत गेला आणि नंतर त्याच खड्ड्यातले खत न विचारता आपल्या कांद्याला घेऊन गेला. त्याला दरसाल एक ट्रॉली शेणखत द्यावे. मात्र त्याने ते वर्षाराणीकडे येऊन, तोंडाने मागावे.

५. यंदा चैत्रात कडा गावाहून वर्षाराणीसाठी स्थळ आले. तिने परस्पर नकार कळवला. मी विचारले, "कावून न्हाई म्हणलीस?"

"तुमाला भाकर कोण करील?"

मी उठून आत गेलो. त्या दिवशी तोंडाने निघाले नाही ते इथे लिहितो. तिने होकार द्यावा. लग्न करो वा न करो, इथे राहो वा कड्याला जावो, कलम दोन व तीनमधली मिळकत तिचीच राहील, तिला कोणतीही अट नाही. मांडव याच घराच्या दारात पडावा. येणारा माणूस या घरचा जावई समजावा आणि दर दिवाळीला त्याला टॉवेल-टोपी करावी. तिचे वडील तिच्या लहानपणीच वारले आहेत. म्हणून लग्नपत्रिकेत मुलीचा बाप म्हणून माझे नाव छापावे. मी तोवर नसलो तरी छापावे, आधी कै. लावून.

वरील मजकूर मी स्वतः वाचला, साक्षीदारांसमोर सही केली आणि त्यांनी माझ्यासमोर केली.

सही: गहिनीनाथ रंगनाथ थोरवे

साक्षीदार:
१. परमेश्वर दत्तोबा जाधवर, शेजारी
२. वनमाला अंकुश गित्ते, अंगणवाडी सेविका

ठिकाण: नांदूरघाट
दिनांक: २२ एप्रिल २०२५