नियमात म्हैस नाही

आष्टी, दि. १८-८-७८

ती. विमलताईस,
रूपरावचा शि. सा. न. वि. वि.

आपली गुरं राखणारा गायकी कवडू वाचला, हे आधी लिहितो. नाल्याजवळ गुरं चारताना वाघानं त्याच्या खांद्यावर झेप घेतली. बाकी गुरं उधळली. भुरी म्हैस मात्र शिंगं रोखून धावली आणि वाघ पळेपर्यंत हटली नाही. कवडूले टाके पडले, भुरीची कास पंजानं फाटली. कवडू म्हणते का, भुरीनं मले दुसऱ्यानं जल्म देला. लीला त्याले चिडवते का, मंग तिले आई म्हण. म्हैस मंद असते असं तुम्ही शाळेत शिकवत होत्या. आता काय म्हणता?

तुमचा, रूपराव


वर्धा, दि. २४-८-७८

चि. रूपराव यास अ. आ.

असे मी कधीही शिकवले नाही. तू वर्गात झोपत असशील. टाके निघेपर्यंत कवडूला रानात धाडू नकोस. भुरीसाठी गुरांचा डॉक्टर बोलाव. पोळ्याला बैलांबरोबर तिच्याही शिंगांना तेल लावा, गाव हसले तरी. तुझ्या सौ. लीलास आशीर्वाद.

विमल


आष्टी, दि. २०-९-७८

ती. विमलताईस शि. सा. न.

तेल लावलं, गाव हसलं. पण कास सडली. डॉक्टर म्हणाला का, ही आता दूध देणार नाही. घरात दूध पाहिजे, आणि गोठ्यात जागा एकाच म्हशीची. खाटकाचा दलाल दोनदा येऊन गेला. कवडू पाया पडते, म्हणते का, मालक, इकू नका, तिचा चारा मी आणतो. तो किती दिवस आणीन? तुम्ही तिकडे गोरक्षणाच्या कमिटीवर आहात. शब्द टाकून पाहा. तुमचा शब्द आम्ही तरी कधी मोडला नाही.

रूपराव


वर्धा, दि. ३-१०-७८

चि. रूपराव यास अ. आ.

शब्द टाकला. चिटणीस म्हणाले की नियमात गाय, बैल, वासरू आहे, म्हैस नाही. हिने माणूस वाचवला आहे, असे मी सांगितले. त्यावर ते म्हणाले की गाईने वाचवला असता तर वाजतगाजत आणली असती. हे ते गंभीरपणे बोलले. मी राजीनामा ठेवून उठले.

पवनारच्या आनंदाबाईंचा गोठा मोकळा आहे. त्यांच्याशी बोलते आहे. दिवाळीपर्यंत भुरीला हात लावू नकोस. ही विनंती नाही.

विमल


आष्टी, दि. २१-१०-७८

ती. विमलताईस शि. सा. न.

रागावू नका. पवनारची सोय होईल, न होईल, म्हणून मागच्या बाजारी भुरी देऊन टाकली. दुभती म्हैस आणली आहे, चांगली आहे.

भुरी दलालामागे पाऊल टाकेना. ओढली, मारली, तर खाली बसली. शेवटी मी कवडूले सांगितलं का, तू पुढे चाल. तो आपलं खाते, नाई कसा म्हणीन? तो निघाला तशी ती उठली, आणि दावं न ओढता त्याच्यामागं ट्रकच्या फळीवर चढली.

आता तो गुरं घेऊन रानात जाईना. म्हणते का, मालक, वाघ आला तं आता माह्यापुढे कोण उभं राहीन. दुसरा गायकी मिळत नाही. तुम्ही त्याले दोन शब्द लिहा, तुम्हाला मानते. भाऊबीजेला येतोच. माया आहे तशी राहू द्या.

रूपराव


वर्धा, दि. २६-१०-७८

चि. रूपराव यास आशीर्वाद.

कवडूला मी लिहिणार नाही. त्याने जे विचारले ते तुला विचारले आहे. दुसरा गायकी मिळेपर्यंत गुरे घेऊन तूच रानात जा.

भाऊबीजेला ये. ओवाळीन. ओवाळणी मात्र ताटात टाकू नकोस. अडचणीत पाठीशी उभा राहीन, असे भाऊ त्या ओवाळणीतून सांगतो, हे आईने आपल्या दोघांनाही शिकवले होते.

सौ. लीलास आशीर्वाद.

विमल