भिंगरीची हाक

ता. २० नोव्हेंबर

ती. अक्कास,

सा. न. वि. वि. पत्र लिहायला हात धजत नाही, पण तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा धाकट्या भावाकडून कळलेलं बरं. आपली पोर भिंगरी पळून गेली.

उन्हाळ्यात तिला मालकाच्या मेंढ्यांबरोबर वरच्या कुरणावर पाठवली होती, ते तुला माहीत आहे. तेरा वर्षांची घोडी झाली, घरात बसून माझ्या बायकोच्या तोंडाला लागते, त्यापेक्षा कामाला जुंपलेली बरी, असा विचार केला. यंदा बर्फ लवकर पडला. मालकांनी दोन ट्रक पाठवून कळप घाईघाईने खाली आणवला. मुकादम सांगतो की पोरगी दुसऱ्या ट्रकमध्ये बसली होती, नाक्यावर गाड्या थांबल्या तेव्हा उतरली आणि कुठल्याशा ड्रायव्हरबरोबर निघून गेली.

गोदामात लोकरीचे गठ्ठे उचलताना माणसं माझ्याकडे बघून हसतात. आई नसलेल्या पोरीला वाढवायला मी दुसरं लग्न केलं, त्याचे हे पांग फेडले. तुझ्याकडे आली तर कळव. नाही आली तर माझ्यापुरती ती मेली.

तुझी माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
धाकटा


ता. २८ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. आज तुझ्या वाटणीला ते जरा कमीच आहेत, गोड मानून घे.

भिंगरी इथे आलेली नाही. मुकादमाने सांगितलं आणि तू मान डोलावलीस? कुठला ड्रायव्हर, कुठली गाडी, काही विचारलंस? जी पोर माझ्याकडे आली की खाली दुकानात एकटी जायला लाजायची, ती परक्या माणसाच्या गाडीत चढेल? मेंढ्या ट्रकमधून उतरवताना मालकाने एकेक मोजून घेतली असेल. पोरगी मोजायला तू तिथे हवा होतास.

ऊठ आणि वर जाऊन ये. कुरणावरची ती दगडी झोपडी बघ. रस्ता बंद असेल तर उघडायला लाव, चौकीत जाऊन रड, ओरड, काहीही कर. मी इथून चौकीला पत्र टाकलंच आहे. कारखान्यात सध्या दिवसरात्र कॉलर शिवण्याचं काम चालू आहे, रजा मागितली की दार दाखवतात, नाहीतर मीच आले असते.

लोक हसतात म्हणून पोर मेली म्हणू नये रे. उलट टपाली कळव.

अक्का


ता. २ एप्रिल

ती. अक्कास,

सा. न. वि. वि. तू चार महिने माझ्याशी अबोला धरलास, तरी हे कळवायलाच हवं. भिंगरी सापडली. जिवंत आहे.

घाटातला बर्फ काढणाऱ्या मजुरांना ती रस्त्याच्या कठड्यावर बसलेली दिसली. अंगात मेंढपाळाचा फाटका कोट, पायाला पोत्याच्या चिंध्या. मजूर म्हणतात, मागे चढावर चार लांडगे उभे होते. त्यांनी दगड मारले तर ही पोर मजुरांच्याच अंगावर धावून गेली. ती वरच राहिली होती अक्का. मुकादम आता म्हणतो, गडबडीत राहून गेली. मी काही बोललो नाही. रोजंदारीच्या माणसाने बोलून कसं चालेल?

मी वर गेलो नाही हे खरं. चौकीवालेही म्हणाले होते की रस्ता उघडेपर्यंत जाता येणार नाही. आता झालं ते झालं. हाडांचा सापळा झाली आहे, पण खाते पुष्कळ. लांबून लांबून माणसं तिला बघायला येतात.

राग सोड. दोन ओळी पाठव.

तुझा,
धाकटा


ता. १४ एप्रिल

ती. आत्यास,

सा. न. वि. वि. तुझं पत्र नव्या आईने वाचून दाखवलं. मग मी परत स्वतः वाचलं. राहून जायला मी काय छत्री आहे, असं तू बाबांना विचारणार आहेस ते वाचून खूप दिवसांनी हसले.

तू लिहिलंस, सगळं सांग. इथे येणारी माणसं फक्त लांडग्यांचे दात केवढे ते विचारतात.

त्या दिवशी मुकादमाने मला दोन चुकलेल्या मेंढ्या शोधायला वरच्या घळीत पाठवलं. मी परत आले तर ट्रक नव्हते. चाकांच्या खुणा बर्फाने बुजत चालल्या होत्या. झोपडीत अर्धं पोतं पीठ, मीठ, काड्यापेटी आणि लोकर कापायची कातर होती. आजारी मेंढ्या ते मागेच सोडून गेले होते, त्या एकेक करून मेल्या. सुरुवातीला मला रोज वाटायचं, आज बाबा येतील. नंतर कधी वाटेनासं झालं ते लक्षात नाही.

लांडगे मेलेल्या मेंढ्यांसाठी आले. ते दाराशी येऊ नयेत म्हणून मी मेंढी ओढत ओढत लांब नेऊन टाकायचे, थोडं मांस स्वतःला कापून ठेवायचे. असे आम्ही शेजारी झालो. मग एकदा त्यांच्यातली मादी मेंढ्यांच्या वाड्याच्या तारेत अडकली. पाय तारेने हाडापर्यंत कापला होता. तिचं विव्हळणं मला ऐकवेना. मी तिच्या तोंडावर पोतं टाकलं आणि कातरीने तार तोडली. ती मला चावली, खूण आहे अजून. पण दुसऱ्या दिवशी झोपडीसमोर येऊन बसली. तिचं नाव मी लंगडी ठेवलं. मोठा नर सगळ्यांच्या आधी जेवायचा आणि कुणाकडे बघायचा नाही, तो साहेब. आणि दोन पोरं, आगाऊ आणि रडकी.

पीठ संपलं तेव्हा मी त्यांच्या पावलांमागून जायला लागले. त्यांनी हरीण पाडलं की त्यांचं होईपर्यंत थांबायचं, मग उरलेलं मी कापून घ्यायचे. एकदा घाई केली तर साहेबाने माझं मनगट तोंडात धरलं. दात लावले नाहीत, नुसतं धरलं. मी समजले आणि मागे सरले. बाबा हात उगारतात तेव्हा काय चुकलं ते पुष्कळदा मला कळत नाही. साहेबाचं लगेच कळलं.

थंडी वाढली तसा आगाऊ उंबऱ्यावर झोपायला लागला, मग आत, मग माझ्या पाठीला पाठ लावून. एकदा धुक्यात मी वाट चुकले. घाबरून भोकाड पसरलं तर त्या चौघांनी लांबून तसंच ओरडून उत्तर दिलं. तेव्हापासून मी तशी हाक मारली की ते कुठूनही यायचे. आत्या, मला ताप होता तेव्हा मी हाकसुद्धा मारली नव्हती, तरी आले होते.

इथे मला खाटेवर झोप येत नाही. दाराशी झोपते. नवी आई आधी घाबरायची, आता माझ्यासाठी दार थोडं किलकिलं ठेवते. आपण समजत होतो तशी ती नाही.

माझ्यावर रागावू नकोस, आणि मला विसरू नकोस.

तुझी,
भिंगरी


ता. २३ एप्रिल

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद आणि एक पापा. पत्र शेजारणीला वाचून दाखवायला घेतलं आणि अर्ध्यावर तिच्या हातात दिलं. मग तिनेच पुढे वाचलं.

जूनमध्ये कारखान्याला सुट्टी आहे, तेव्हा तुला इकडेच घेऊन येणार आहे. खोली दुसऱ्या मजल्यावर, खिडकीतून फक्त बॉयलरची चिमणी दिसते. खाट एकच आणि मी घोरते. पण लांडग्यांबरोबर निभावलंस, तर माझ्याबरोबरही निभावशील.

एक ऐक. ते कुठे राहतात, हाकेला कसे येतात, हे कुणाला बोलू नकोस. आलेल्या माणसांना दातांच्या गोष्टी सांग आणि वाटेला लाव.

पोटभर जेव. मी आहे.

तुझी,
आत्या


ता. १० मे

ती. अक्कास,

सा. न. वि. वि. आमच्या घराला चांगले दिवस येण्याची चिन्हं आहेत. काल खुद्द मालक घरी आले. आमच्या मोडक्या खाटेवर बसले!

कळप पुन्हा वर गेला आहे आणि लांडग्यांनी कोकरं उचलायला सुरुवात केली आहे. मालकांनी बंदूकवाले ठेवले, पण जनावरं वाऱ्यालाही उभी राहत नाहीत. भिंगरीच्या हाकेला ती येतात हे साऱ्या वस्तीला ठाऊक आहे, मीच कौतुकाने दहा जणांना सांगितलं होतं. मालक म्हणाले, पोरीला एकदा घेऊन चला, तुम्हाला गोदामात कायम करतो आणि दोन खोल्यांचं क्वार्टर देतो. अकरा वर्षं मी रोजंदारीवर पाठ मोडतो आहे अक्का. हे दार परत उघडेल का?

पोरीला खरं सांगितलेलं नाही. सरकारी माणसं येणार आहेत, त्या भागाला कुंपण घालून तुझ्या लांडग्यांना सांभाळणार आहेत, पण आधी ते किती आहेत हे बघायला हवं, असं सांगितलं. किती खूश झाली! बायको मात्र तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. तू तरी समजून घे. जनावरंच ती, आज ना उद्या कुणीतरी मारणारच.

कृपा असू दे.

तुझा,
धाकटा


ता. १५ मे

धाकट्या,

मायना घालत बसत नाही, टपाल सुटायची वेळ झाली आहे. हे करू नकोस. कोकरं राखायची असतील तर मालकाने कुत्री पाळावीत, माणसं वाढवावीत. तू जिला मेली म्हणून मोकळा झालास, तिला त्यांनी जगवलं. तुझ्या पाया पडते. मी तुझी थोरली बहीण, कधी तुझ्या पाया पडले आहे का?

अक्का


ता. १९ मे

ती. आत्यास,

सा. न. वि. वि. तू बाबांना लिहिलेलं पत्र काल आलं. आम्ही परवाच जाऊन आलो होतो.

बाबांनी मला वाटेत पाठुंगळी घेतलं. मी मोठी झाले तरी घेतलं. माणसांकडे लांबट पिशव्या होत्या. मी विचारलं तर बाबा म्हणाले, मोजणीचं सामान आहे. झोपडीपाशी सगळे भिंतीआड बसले आणि बाबांनी मला पुढे उभं करून हाक मारायला सांगितलं. मलाही ते कधी दिसतात असं झालं होतं. मी मोठ्याने हाक मारली.

आगाऊ सगळ्यात आधी आला, धावतच. माझ्या कमरेला धडक देऊन त्याने माझा हात चाटला. मग रडकी. साहेब थोडा लांब उभा राहिला. त्याला माणसांचा वास आला असणार, पण मी होते म्हणून तो परत फिरला नाही. त्याच्यावर आधी गोळी झाडली. आगाऊ पळाला नाही ग. तो माझ्या मागे येऊन लपला. बाबांनी मला उचलून बाजूला केलं आणि मग त्यालाही मारलं. रडकीला मारलं तेव्हा मी बघितलं नाही.

लंगडी आली नाही. वर कड्यावर उभी राहून तिने सगळं बघितलं. मी पुन्हा हाक मारावी म्हणून मुकादमाने माझा दंड धरला. मी तोंड उघडलं नाही. बरं झालं, तिने माझं ऐकलं नाही.

खाली आल्यावर लोकांनी बाबांना खांद्यावर घेतलं. मी आता कुणाशी बोलत नाही, तुला मात्र लिहिते आहे.

भिंगरी


ता. ८ जून

चि. धाकट्यास,

आशीर्वाद. भिंगरी सुखरूप पोचली. तू कामावर असताना तुझ्या बायकोने स्वतःच्या अंगावरची शाल तिला देऊन बसमध्ये बसवून दिलं. त्यावरून तिच्या अंगाला हात लावलास तर गाठ माझ्याशी आहे. परक्या घरातून आलेली बाई त्या पोरीसाठी धावली आणि रक्ताचा बाप मालकाच्या दारात शेपूट हलवत राहिला.

पोर घरी असली की खिडकीत बसते. कारखान्याचा भोंगा झाला की कान दाबून खाटेखाली जाते. माझ्याशी दोन शब्द बोलते, शेजारणीशी एक. माझ्याबरोबर बटणं लावायला येते, हात चलाख आहे. जगेल. जगायची तिला सवय आहे.

तू इकडे येऊ नकोस.

अक्का


ता. ९ जुलै

ती. अक्कास,

सा. न. वि. वि. तू काहीही बोल, मी मुकाट्याने ऐकेन. पण एक अडचण आहे. क्वार्टर अजून मिळालेलं नाही. ती लंगडी राहिली ना, ती एकटीच मेंढ्या मारते आहे. मालक म्हणतात, काम अर्धवट ठेवून मोबदला पुरा कसा मागता? त्या तीन कातड्या त्यांनी ऑफिसात भिंतीवर लावल्या आहेत, चौथीची जागा मोकळी ठेवली आहे. मला रोज तिथूनच जावं लागतं.

भिंगरीला फक्त दोन दिवस पाठव. फक्त एक हाक मारायची आहे. मग पुन्हा कधी काही मागणार नाही. मी तिचा बाप आहे, दुश्मन नव्हे. तिच्याच लग्नाकार्याला उद्या दोन खोल्या लागतील.

ती माझ्याविषयी काही बोलते का?

तुझा,
धाकटा


ता. १८ जुलै

ती. बाबांस,

सा. न. वि. वि. हा मायना आत्याने घालायला लावला. मी नुसतं बाबा लिहिणार होते.

तुमचं पत्र आत्याने लपवलं नाही, माझ्या हातात दिलं आणि तूच उत्तर दे म्हणाली. मी येणार नाही. आणलंत तरी हाक मारणार नाही. मारली तरी लंगडी येणार नाही, तिला आता माझा आवाज म्हणजे काय ते कळलं आहे. तुम्ही मालकांना तसं सांगा. त्यांनी क्वार्टर दिलं नाही तर नाही.

तुम्ही विचारलंत मी काही बोलते का. आत्या घोरते तेव्हा मला बरं वाटतं, कुणीतरी जवळ आहे असं वाटतं. मग आगाऊ आठवतो. त्याला वाटलं मी त्याला वाचवेन. मलाही पाठुंगळी बसताना तुमच्याबद्दल तसंच वाटलं होतं.

नव्या आईला सांगा, शाल मी रोज पांघरते. तिला माझा नमस्कार सांगा. शेवटी लोभ असावा असं लिहितात, असं आत्या म्हणते. मी तीनदा लिहायला घेतलं. मला ते लिहवत नाही.

भिंगरी