दोन हातांचा खेळ

बुधवार, १२ नोव्हेंबर
सकाळी, दुकान उघडण्याआधी

प्रिय ताईस,
धाकट्याचा नमस्कार.

चार गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या बहिणीला कोणी पत्र लिहितं का, म्हणून तू हसशील. हस. मोबाइलवर लिहिलं असतं तर तू नुसता अंगठा पाठवून मोकळी झाली असतीस. गाडीत बोलायला गेलो असतो तर तू खिडकीबाहेर बघत म्हणाली असतीस, "अरे, ते दुकान बंद झालं वाटतं." म्हणून हे पत्र. भावोजींच्या हाती पाठवतोय. त्यांनी वाचलं तरी चालेल.

इकडे सगळं बरं आहे. तुझ्या शेजारणीच्या कपाटाचं काम संपत आलंय. बाई उंचीने लहान, आणि तिच्या नवऱ्याने कागदावर वरचा कप्पा काढून दिला होता तो थेट छताला टेकणारा. मी म्हटलं, "वहिनी, जरा हात वर करा." तिने केला. जिथे बोटं पोचली तिथे पेन्सिलने खूण केली आणि नवऱ्याला म्हटलं, "साहेब, कपाट ह्या वापरणार की तुम्ही?" तो ओशाळला. माझं काम असंच आहे, तुला माहीत आहे. माणूस कुठे उभा राहतो, कसा बसतो, हात कुठवर जातो, हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी फळीला करवत लावत नाही.

आणि तुझ्या खेळाच्या यंत्राच्या बाबतीत मी नेमकं हेच केलं नाही.

डायलिसिसहून परतताना तू सहज म्हणाली होतीस, "चार तास नुसतं छताकडे बघायचं म्हणजे कंटाळा येतो रे. आपण शेजारच्यांच्या टीव्हीवर खेळायचो ना, ते उड्या मारायचे खेळ? तसले आता हातात धरून खेळता येतात म्हणे. बघतोस का एखादं?" मी इतका हुरळलो की विचारू नकोस. तुला आत सोडलं की खाली जिन्याजवळच्या बाकावर बसून मी त्याचाच अभ्यास करायचो. कोणाचा पडदा चौकोनी, कोणाचा रुंद. जुने खेळ चौकोनी पडद्याचे, रुंद पडद्यावर दोन्ही कडांना काळ्या पट्ट्या येतात. कोणाची बटणं कडक, कोणाची मऊ. एक उभं, साबणाच्या वडीएवढं. एक डबीसारखं मिटणारं. एकाला दोन्ही बाजूंनी मुठी. तुझी लेक फोनवर म्हणाली, "मामा, यंत्र घेतोयस की नवरा बघतोयस माझ्यासाठी? इतकी चौकशी!"

दुकानदाराने विचारलं, "खेळणार कोण? मुलगा?"

"बहीण. थोरली."

"वा! ताई बसून खेळतात की पडून?"

ताई, तुला तिथे खुर्ची असते की खाट, हे मला माहीत नव्हतं. इतके महिने तुला पोचवतोय आणि माहीत नव्हतं. तो वाट बघत होता. मी म्हटलं, "बसून. आरामात." तो म्हणाला, "मग हे मुठीवालं न्या, दोन्ही हातांत छान भरतं." मी ते स्वतःच्या दोन्ही हातांत धरून पाहिलं. छान भरलं. घेतलं.

तू ते आत नेलंस, चार तासांनी बाहेर आलीस आणि म्हणालीस, "मस्त आहे रे." गाडीत मी सगळा रस्ता त्याच्या बॅटरीबद्दल बोलत होतो.

परवाच्या शनिवारी तू हात धुवायला गेली होतीस तेव्हा तुझी शाल द्यायला ती उंच नर्स खाली आली. मला म्हणाली, "तुम्हीच का ते प्रार्थनावाले भाऊ?"

मी मोबाइल खिशात टाकला.

"ताई सगळ्यांना सांगतात, माझा भाऊ खाली चार तास देवाचं नाव घेत बसतो. आणि ते यंत्र तुम्हीच आणलंत ना? फार हसलो आम्ही. अहो, त्यांच्या डाव्या हातात सुया, तो हात हलवायचा नाही. दोन हातांचं यंत्र धरणार कशा? मग शेजारच्या टेलरकाकांनी एक मूठ धरली. काकांचा उजवा हात अडकलेला, डावा मोकळा. ताईंनी माणूस चालवायचा आणि काकांनी उडी मारायची. काका दर वेळी उशिरा, की माणूस खड्ड्यात! सगळा वॉर्ड ओरडायचा, 'काका, आता!'" मग जाता जाता म्हणाली, "मंगळवारपासून काकांची वेळ संध्याकाळची झालीय. ताईंना चुकल्यासारखं होईल. तुम्हाला आत बसता येतं हो. स्टूल असतं नातेवाइकांसाठी. तुम्ही कधी आलाच नाहीत."

तू एका शब्दाने बोलली नाहीस. उलट काल मंगळवारी खाली आल्यावर म्हणालीस, "आज डोळा लागला रे, खेळलेच नाही." पिशवीतलं यंत्र सकाळी ठेवलं होतं तसंच होतं, वरच्या फडक्याची घडीसुद्धा मोडली नव्हती.

आता जे लिहायचं आहे त्यासाठी दोनदा उठून पाणी पिऊन आलो.

मी खाली प्रार्थना करत नव्हतो. पहिल्या दिवशी केली, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या दिवशीही थोडी. नंतर मोबाइल. तू एकदा जिन्यात म्हणालीस, "टेलरकाकांचंही नाव घे रे, त्यांनी सांगितलंय," आणि मी डोळे मिटून "घेतो" म्हटलं. त्या दिवशी मी एका मिटणाऱ्या यंत्राच्या बिजागरीबद्दल चाळीस जणांची मतं वाचली. देवाला मी आयुष्यात फारसं काही मागितलं नाही, याचा मला थोडा अभिमानच होता. पण त्याला असं पुढे करून मागे लपलो, हे मागण्यापेक्षा वाईट. आणि तो खाली बाकावर नव्हताच, वर तुमच्यात होता. खाली मी एकटाच होतो.

मला ती खोली बघवत नाही, एवढंच खरं कारण आहे. करवतीने बोट कापलं तर मी चिंधी बांधून काम पुढे चालू ठेवतो. पण तुझं रक्त नळीतून बाहेर जाताना बघायचं म्हटलं की पाय जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर जड होतात. हे मी कोणाला सांगितलं नाही. "तू जा आत, मी खाली देवाचं करतो," म्हणणं किती सोपं होतं. आणि तू ते वर जाऊन कौतुकाने सांगत होतीस.

सोमवारी दुकानदाराकडे गेलो होतो. तो बदलून द्यायला तयार आहे. एका हाताने खेळता येईल असं एक छोटं यंत्र त्याने दाखवलं, सगळी बटणं एकाच अंगठ्याखाली. चांगलं आहे. पण मी ते हातात घेतल्यावर पहिला विचार काय आला सांगू? की आता हिला कोणाची गरज पडणार नाही. आणि मला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची मला इतकी लाज वाटली की यंत्र तिथेच ठेवून मी बाहेर पडलो.

काल संध्याकाळी, तुला घरी सोडल्यावर, मी परत गेलो. तू नसताना. तुझ्यासमोर पडायला नको म्हणून. नर्सने आत घेतलं. खुर्ची असते, ताई. मागे रेलणारी, निळी. आता मला माहीत आहे. टेलरकाकांजवळच्या स्टुलावर बसलो, त्यांच्या नळीकडे पाहिलं आणि भिंत तिरकी झाली. नर्सने मान खाली दाबून धरली. काका वरून म्हणत होते, "अहो, सुई मला टोचलीय, पडताय तुम्ही! आयुष्यभर सुया हाताळल्या मी, असं गिऱ्हाईक नाही पाहिलं."

सगळे हसले. मीही हसलो. मग त्यांना खरं ते सांगितलं की तुमचं नाव मी घेतलं नाही.

काकांनी माझ्याकडे मान वळवली. मग म्हणाले, "ताईंना सांगितलंत?"

"नाही."

"मग आधी तिकडे सांगा. माझं काय, मी रांगेत उभा राहीन."

मी त्यांचं संपेपर्यंत तिथे बसलो. घाम आला, पण बसलो. दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हा भिंत सरळ होती. बसल्या बसल्या त्यांचं नाव घेतलं, डोळे उघडे ठेवून.

छोटं यंत्र तुला हवं असेल तर सांग, आणून देईन. ते तुझ्या सोयीचं आहे आणि निवड तुझी आहे. मी पुन्हा तुझ्या वतीने ठरवणार नाही. पण यंत्र कोणतंही असो, उद्या मी आत येणार आहे.

एकच मागणं आहे. उद्या दाराशी माझा चेहरा बघून तू म्हणशील, "राहू दे रे, बस खाली." तुझी सवय आहे. आजवर दुसऱ्याची अडचण ओळखून तू त्याला आधीच मोकळं केलंस. उद्या ते म्हणू नकोस. तू म्हणालीस तर मी थांबेन. मला माहीत आहे मी थांबेन. आणि मग घरी येऊन सगळ्यांना सांगेन की तीच नको म्हणाली.

काही न बोलता पुढे चालू लाग. मी मागून येतो.

तुझाच,
तुझ्या चांगुलपणाच्या आड आजवर लपलेला,
धाकटा