जुन्या सप्लायची वायर

राहाता

प्रिय स्टेला,

प्रभूच्या नावाने सलाम. तुझा फोन आला तेव्हा मी भाकरी थापत होते, म्हणून दोन शब्दांत ठेवला. पप्पांच्या स्मरणदिनाला तुझ्या पुण्याच्या घरी प्रार्थना ठेवणार, ऑफिसची माणसं येणार, त्यांना पप्पांची कीर्तनं ऐकवायची, म्हणून ती ज्यात आहेत ती हार्ड डिस्क कुरिअरने पाठव, असं म्हणालीस. बरं वाटलं. पप्पा अंथरुणाला खिळले होते तेव्हा तुला रजा मिळत नव्हती. आता मिळायला लागली, देवाची कृपा.

तुझ्या भावाने, जस्टिनने, नवा कॉम्प्युटर घरीच जोडला. पप्पांची डिस्कही त्यातच लावली. मी बॅटरी धरून उभी होते. नव्या सप्लायच्या, म्हणजे आत वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, वायरी सुट्या येतात, लागतील तेवढ्याच लावायच्या. हे मला आवडलं. चोवीस पिनांचं रुंद टोक मदरबोर्डला, आठ पिनांचं वर कोपऱ्यात प्रोसेसरला, चपटं डिस्कला. जोर करायचा नाही, टक्क वाजलं की बसलं. मी न बघता सांगायला लागले, तर म्हणतो कसा, आई, दुकानच टाक आता.

जळालेल्या जुन्या सप्लायच्या वायरी मी दुधाच्या धुतलेल्या पिशवीत ठेवल्या, तेव्हा मात्र ओरडला. म्हणाला, या नव्याला कधी लावू नकोस. दोन्ही टोकं बसतात गं, पण सप्लायकडच्या टोकात प्रत्येक कंपनी तारा आपल्या मनाने लावते. पाच व्होल्ट जायचे तिथे बारा गेले की डिस्क संपली. मी हो म्हणाले. पण वस्तू फेकायला माझा हात कधी झालाय?

शेवटी शेवटी दारात पाऊल वाजलं की पप्पा विचारायचे, स्टेला आली का. मी म्हणायची, निघालीय. तुझ्यासाठी मी मरणाऱ्या माणसाशी खोटं बोलले. ज्यांचं कीर्तन माईकशिवाय मागच्या बाकापर्यंत ऐकू जायचं, त्यांचे नुसते ओठ हलत होते.

परवा रविवारी उपासनेहून आले. जस्टिन कोपरगावला गेला होता. आधी सगळी कीर्तनं पेनड्राईव्हवर घेतली, तेही त्यानेच शिकवलंय. मग कॉम्प्युटर बंद करून डिस्कची वायर काढली आणि पिशवीतली जुनी लावली. टक्क वाजलं. बटण दाबलं. तव्याला प्लास्टिक चिकटल्यासारखा वास आला, एवढंच. जस्टिनला वाटतं, आईची चूक झाली. बिचारा माझीच समजूत घालत बसला. चूक नव्हती, स्टेला.

डिस्क आजच पाठवली आहे, तू मागितलीस म्हणून. तिच्यात आता काही नाही, दुरुस्तीसाठी दुकानदाराला पैसे देऊ नकोस. पेनड्राईव्ह मी एका थैलीत शिवून टाकलाय. मी गेले की ती न उघडता माझ्या शवपेटीत ठेवायची, असं जस्टिनकडून बायबलवर हात ठेवून घेतलंय. फोनवर मी काही ऐकवणार नाही. पप्पांचा आवाज ऐकायचा असेल तर इथे, माझ्यासमोर बसून ऐकायचा. तेव्हा येणार असशील तर माझ्या हयातीत ये.

तुझीच,
आई