आक्काच्या लग्नादिवशीची फायनल

कोल्हापूर,
१२ जानेवारी २००३

ती. सौ. आक्कास,
सा. न. वि. वि.

कादंबरी एकदाची पुरी झाली. वहीची झेरॉक्स सोबत पाठवतोय. दाजींना सांग, हसायचं नाही. बी.कॉम.ला दोनदा आपटलो, चिंचमाळ तालमीच्या फुटबॉल संघात पाच वर्षं राखीव बसलो, आता कागलच्या एमआयडीसीत स्टोअर सांभाळतो. पण तालमीची एकही मॅच सोडली नाही. माझी कर्तबगारी काय ती एवढीच, म्हणून तीच लिहिली.

तुझ्या लग्नाचंही प्रकरण आहे. त्याच दिवशी फायनल आली, टायब्रेकरवर गेली, आणि शेवटपर्यंत बसून राहिल्यामुळं मी अक्षतांना नव्हतो. शेवटच्या पानावर तू मला माफ करतेस, असं लिहिलंय. तू हो म्हणालीस तरच छापायला देईन, नाहीतर वही माळ्यावर जाईल.

लोभ आहेच, वही वाचल्यावरही तेवढाच राहू दे.

तुझा,
संगमेश

चंदगड,
२ फेब्रुवारी २००३

चि. संगमेश यास,
अनेक आशीर्वाद.

काजूच्या कामात पत्राला उशीर झाला. वही दोनदा वाचली. दाजी हसलेच. तुझ्या जागी त्यांचा कान पिळायला शेजारचा गुंडू उभा राहिला होता, तो कान अजून दुखतो म्हणतात.

मला मात्र राग आला. आपल्या घरच्या मुलींना स्टेडियम कुठलं? मी चुलीपुढं भाकऱ्या थापायची आणि तू जमिनीवर वाट्या-पेले मांडून अख्खी मॅच खेळून दाखवायचास. मी जन्मात एक मॅच बघितली नाही, पण त्या वर्षांतले गोल मला पाठ आहेत. किती सुखाचे दिवस होते रे ते! तुझ्या वहीत त्यांचं नाव नाही.

आणि माफ केलं, असं मी कधी म्हणाले? अंतरपाटाआडूनही मी दाराकडं बघत होते. दुसऱ्या दिवशी मी सासरी निघताना तू पाया पडलास, पण मॅचचं अक्षर काढलं नाहीस. हरलो, एवढं गुंडूनं सांगितलं. अकरा वर्षं मी त्या मॅचची वाट बघतेय. खोटी माफी छापू नकोस. आधी शेवटची किक कशी गेली ते कळव, वहीतही ते नाही.

माया आहे म्हणूनच इतकं बोलले.

तुझी,
आक्का

कोल्हापूर,
९ फेब्रुवारी २००३

ती. सौ. आक्कास,
सा. न. वि. वि.

शेवटची किक मी बघितलीच नाही.

त्यांचे पाच झाले होते, आपले चार, आपली एक किक बाकी. मुहूर्ताला दहा मिनिटं उरली होती. टायब्रेकरला जागा सोडली की संघ हरतो, असं आम्ही सगळेच मानायचो. शेजारी बसलेल्या तालमीतल्या हंबीररावांनी उठू नगंस म्हणून माझा शर्ट धरला. तो सोडवून मी पळालो. गेटाशी पोहोचतोय तोवर मागं त्यांचा जल्लोष उठला. गुलाल उधळत गर्दी रस्त्यावर आली, त्यात माझी सायकल अडकली. मांडवात आलो तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या.

मी उठलो म्हणून तालीम हरली, असंच मला वाटत आलं. हंबीरराव कुणाला बोलले नाहीत. मीही सगळ्यांना सांगितलं, की शेवटपर्यंत बसलो होतो. नालायक भाऊ म्हणवून घेणं सोसलं, पण तालमीला बुडवणारा म्हणवून घ्यायची छाती झाली नाही. वहीतही तेच खोटं उतरवलं.

माफीचं पान फाडलंय. आक्का, मी उठलो होतो. तुझ्यासाठी उठलो होतो. हे छापू का?

तुझ्या उत्तराकडं डोळे लावून,
संगमेश